आयटी सोडून गणित शिकवायचंय – एमएस्सी करू, बीएड करू की एमटेक?

रविवारची_शाळा:
नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, आधीच सॉरी.

वय ३५, पुणे, बीई कॉम्प्युटर २०१२, तेव्हापासून टेस्टिंगमध्येच आहे, आता लीड आहे म्हणजे टेस्टिंग कमी आणि एक्सेल जास्त. गेली दोन वर्षं दर रविवारी सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये सात-आठ मुलांना गणित शिकवते, फुकटात, हौस म्हणून. त्यात आमच्या वॉचमनकाकांची मुलगी येते, आठवीत आहे. मागच्या महिन्यात तिने विचारलं की ताई उणे गुणिले उणे अधिकच का, बाईंनी सांगितलं नियम आहे पाठ करा. मी म्हटलं बघ, उणे म्हणजे कर्ज समज, आता कर्ज काढून टाकणं म्हणजे काय... आणि माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ती म्हणते, "म्हणजे कर्जमाफी! आमच्या गावी झाली होती तेव्हा बाबा म्हणाले पैसे हातात आले नाहीत पण आल्यासारखंच आहे." मी तिच्याकडे बघतच राहिले. तेरा वर्षांत एकही बग सापडल्यावर मला असं काही झालेलं नाही.

तर आता डोक्यात किडा शिरलाय की हेच करायचं. पण डिग्री कुठली घ्यायची यावर घरात रोज नवीन मत. आई निवृत्त झेडपी शिक्षिका, ती म्हणते बीएड शिवाय कुणी दारात उभं करणार नाही. नवरा म्हणतो एमटेक कर, इंजिनिअरिंग कॉलेजला लागशील, आहे ती पदवी वाया जाणार नाही. माझ्या मनात एमएस्सी मॅथ्स आहे कारण खरं सांगायचं तर मलाच परत गणित शिकायचंय. आणि एका करिअर काउन्सेलर बाईंनी दीड हजार रुपये घेऊन एमए एज्युकेशन सुचवलं. घराचा हप्ता आहे, मुलगी पहिलीत आहे, त्यामुळे दोनदा चुकायची सोय नाही. ज्यांनी केलंय किंवा जे या क्षेत्रात आहेत त्यांनी प्लीज स्पष्ट लिहा, गोड बोलू नका.

खडूफळा:
ताई, मी सातारा जिल्ह्यात अनुदानित हायस्कूलला १९ वर्षं गणित शिकवतोय. तुमचा प्रश्न उलटा आहे. डिग्री कुठली हे नंतर, आधी कुठल्या वर्गावर उभं राहायचंय ते सांगा, कारण आपल्याकडे वर्गानुसार दार वेगळं आणि दारानुसार किल्ली वेगळी.

पहिली ते पाचवी हवी असेल तर विषयच संपला, तिथे डीएड लागतं (आता डीएलएड म्हणतात), बीएडवाल्यांना सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ च्या निकालात प्राथमिकसाठी बाहेर काढलं. सहावी ते आठवीला पदवी, बीएड आणि टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर दोन. दीडशे मार्कांचा असतो, खुल्या प्रवर्गाला ९० पाहिजेत, पेपर सोपा समजून जाऊ नका. केंद्राची सीटीईटी पण आहे, दोन्ही एकदा पास झालं की आता आयुष्यभर चालतात. नववी दहावीला बीएड. अकरावी बारावीला त्या विषयातली एमएस्सी किमान सेकंड क्लास आणि वर बीएडसुद्धा, हे लोक विसरतात, नुसती एमएस्सी घेऊन ज्युनिअर कॉलेजच्या दारात येतात आणि परत जातात. सीनिअर कॉलेजला बीएडला कुणी विचारत नाही, तिथे एमएस्सीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा). एमए एज्युकेशनने यातलं एकही दार उघडत नाही हो. वाईट डिग्री नाहीये, पण बीएडच्या जागी चालत नाही. दीड हजार गेले समजा.

आता तुमच्यासाठी खरी गोम. शाळेतली सरकारी-अनुदानित भरती 'पवित्र' या सरकारी पोर्टलवरून होते आणि त्याला टेट द्यावी लागते. टीईटी वेगळी, टेट वेगळी, बोलताना सगळ्यांचाच घोळ होतो. टीईटी म्हणजे पात्रता, टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी, २०० मार्क, यात पास-नापास नाही, मेरिट लागतं. ही टेट आजवर झाली कधी तर डिसेंबर २०१७, मग थेट २०२३ चा फेब्रुवारी-मार्च, मग २०२५ चा मे-जून. म्हणजे एकदा पाच वर्षं वाट बघितली पोरांनी. आणि खुल्या प्रवर्गाला वयाची अट ३८, मागासवर्गीयांना ४३. तुम्ही ३५ च्या. आधी दोन वर्षं एमएस्सी, मग दोन वर्षं बीएड असं केलंत तर ३९ होतात आणि हे दार बंद. प्रवर्ग विचारत नाही, तुमचा तुम्ही हिशोब करा. पण या वाटेवर जायचं असेल तर बीएड आधी, एमएस्सी मागाहून.

अजून एक. लागल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. मानधन २०२३ साली वाढवलं ते सहावी-आठवीला १६ हजार, नववी-दहावीला १८ हजार, ज्युनिअर कॉलेजला २०. वाढवून हे, आधी सहा, आठ आणि नऊ हजार होतं. घराचा हप्ता म्हणालात म्हणून सांगितलं.

रविवारची_शाळा:
सर मनापासून धन्यवाद, इतकं कुणीच सांगितलं नव्हतं. प्रवर्ग खुला. आणि ते १६-१८ हजार वाचून नवऱ्याला स्क्रीन दाखवली, तो म्हणाला हप्ताच ३१ आहे. बाकी काही बोलला नाही, चहा करायला गेला.

माझ्या मनात सहावी ते दहावी आहे बहुतेक. लहान मुलांना सांभाळायचा पेशन्स नाही आणि अकरावी-बारावीची मुलं सगळी क्लासलाच असतात असं ऐकलंय. एक प्रश्न, बीईवर बीएड होतं ना नक्की? का आधी बीएस्सी करावी लागेल?

खडूफळा:
होतं. बीएडच्या नियमात बीई-बीटेक आहे, फक्त ५० ऐवजी ५५ टक्के लागतात. पण ऐका, बीएडला दोन मेथड (शिकवायचे विषय) घ्यायच्या असतात, तुम्हाला गणित आणि विज्ञान घ्यावं लागेल, ते मिळेलही. अडचण नंतर येते. भरतीच्या वेळी नुसती मेथड नाही बघत, पदवीला विषय काय होता ते बघतात आणि तुमच्या मार्कशीटवर गणिताचे एम-वन एम-टू एम-थ्री असे पेपर असले तरी पदवीवर कॉम्प्युटर लिहिलंय. आमच्या एका सहकाऱ्याची मुलगी बीई होती, ती कागदपत्र पडताळणीला यावरूनच लोंबकळली, दोनदा मुंबईला फेरी झाली. म्हणून जाहिरात आली की पात्रतेचा रकाना शब्द न शब्द वाचा. हातात एमएस्सी मॅथ्स असेल तर बोलायला बळ येतं, त्यासाठी एमएस्सी उपयोगाची आहे, पण क्रम सांगितला तोच.

तासिका_तत्त्व:
एमएस्सीचं स्वप्न बघणाऱ्यांसाठी थोडं पाणी ओततो. मी एमएस्सी मॅथ्स, सेट पास, ११ वर्षं सीनिअर कॉलेजला सीएचबीवर. सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, दिवाळीची सुट्टी लागली की कमाई बंद, मे महिन्यात आपण अस्तित्वातच नसतो. बिलं कॉलेजातून जातात वरती आणि कधी येतील ते त्यांनाच ठाऊक, मागच्या वर्षीचे जुलै ते नोव्हेंबरचे पैसे मला मार्चमध्ये मिळाले. दोन कॉलेजं करतो, एका गावात सकाळी साडेसातचं लेक्चर आणि ४० किलोमीटरवर दुपारी बाराचं, मध्ये एसटी. मस्टरवर सही करायला वेगळं पान असतं आमचं, शेवटचं.

कागदावर असिस्टंट प्रोफेसरचा सुरुवातीचा मूळ पगार ५७,७०० आहे आणि सगळे तोच आकडा बघून येतात. पर्मनंट जागा निघतात किती ते बघत नाही कुणी. युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) जुलै २०२३ पासून पीएचडी सक्तीची नाही, नेट-सेट पुरे असं केलं म्हणून पोरं खूश झाली, पण मुलाखतीला कुणाला बोलवायचं याची जी गुणांची यादी असते त्यात पीएचडीला भरपूर गुण आहेत, त्यामुळे समोर पाच पीएचडीवाले असतील तर नुसत्या सेटवाल्याचं काय होणार ते सांगायला गणित लागत नाही.

ताई तुम्हाला गणित शिकायची हौस असेल तर एमएस्सी जरूर करा, खूप सुंदर विषय आहे, मला ॲब्स्ट्रॅक्ट अल्जेब्रा पहिल्यांदा कळलं ती रात्र आठवते अजून. पण नोकरीसाठी म्हणून करू नका. आणि मॅथ्सची नेट सीएसआयआरची असते, तिच्यात जे विचारतात ते नोकरी करत फावल्या वेळात होत नाही. सेट त्या मानाने बरी, ती महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं.

पॉलीवाले_काका:
एमटेकबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. इंजिनिअरिंग कॉलेजला एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) नियमाने बीई आणि एमई/एमटेक, दोन्हीपैकी एकाला फर्स्ट क्लास, झालं, नेट नको. डिप्लोमाला तर फर्स्ट क्लास बीईवर पण लेक्चरर होता येतं, म्हणजे तुम्ही आत्ता आहात त्या पदवीवर उद्या अर्ज करू शकता. पण तुमच्या मिस्टरांच्या बोलण्यात एक मोठं भोक आहे. एमटेक कॉम्प्युटर करून लागलात तर तुम्हाला गणित नाही देणार शिकवायला. गणित आमच्याकडे एमएस्सीवाले शिकवतात, अप्लाइड सायन्सकडे असतं ते. तुमच्या वाट्याला येणार डेटा स्ट्रक्चर, सॉफ्टवेअर टेस्टिंग आणि नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली. आणि उणे गुणिले उणे विचारणारी मुलगी तिथे भेटत नाही, मागच्या बाकावर बसून सबमिशन कॉपी करणारी भेटतात. खासगी कॉलेजांत पगार वेळेवर होतो का ते आत काम करणाऱ्या शिपायाला विचारून मगच जा.

क्लासवाला_लातूर:
डिग्री विग्री कशाला हवीय. आमच्याकडे आयआयटीचा बीटेक बीएड न करता शिकवतो, महिन्याला तुमच्या त्या शिक्षण सेवकाचं वर्षाचं मानधन घेतो. चांगलं शिकवता येत असेल तर पोरंच जाहिरात करतात. पुण्यात दहावीचे दोन बॅच काढा घरातच, वर्षभरात हप्ता निघेल.

खडूफळा:
क्लासवाले भाऊ, खरंय तुमचं, पण मग एकच लक्षात ठेवा, शाळेत लागल्यावर खासगी शिकवण्या घेता येत नाहीत, आरटीईच्या (शिक्षण हक्काच्या) कायद्यात कलम २८ तेच सांगतं. घेतात पुष्कळ जण हा भाग वेगळा. आणि तुमच्या बॅचला वॉचमनची मुलगी येते का, फी किती आहे?

क्लासवाला_लातूर:
सर तुम्ही लगेच तिथे जाता. दोन मुलं फ्री असतात दर बॅचला आमच्या.

पाठटाचण:
मी हेच केलंय त्यामुळे सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

मी पण आयटीतलीच, ३७ व्या वर्षी सोडलं, बीएड केलं, आता पुण्यात एका सीबीएसई शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते, चौथं वर्ष. पवित्रच्या वाटेला गेलेच नाही, वय नव्हतं. खासगी विनाअनुदानित शाळेत वयाची ती अट नाही, तिथे बीएड आणि सीटीईटी असेल आणि डेमो लेक्चर बरं झालं तर घेतात. आयटीत शेवटचा पगार १ लाख ४० होता, शाळेत सुरुवात २८ हजारांना झाली, आता ३८ हातात येतात. आधीच्या एका शाळेत सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच असा प्रकार होता, सहा महिन्यांत सोडली, नाव घेत नाही. मुलाखतीला जाल तेव्हा तिथल्या शिक्षिकांना गेटबाहेर गाठून विचारा, आत कुणी सांगत नाही.

बीएडबद्दल लोक म्हणतात नुसता कागद आहे. निम्मं खरं आहे. काही कॉलेजात फी भरा आणि परीक्षेला या असं चालतं, तुम्हाला पण असं कॉलेज कुणीतरी सुचवेलच, तिकडे अजिबात जाऊ नका. नियमाने ८० टक्के हजेरी आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के लागते. माझं कॉलेज कडक होतं म्हणून मी वाचले. सुरुवातीला सूक्ष्म पाठ असतात, म्हणजे सहा मिनिटं शिकवायचं, समोर तुमच्याच वर्गातल्या बायका मुलं बनून बसलेल्या, कुणी मुद्दाम डबा उघडते, कुणी "बाई मला शीला जायचंय", मग सहा मिनिटं त्यांनी चुका सांगायच्या, मग बारा मिनिटांत पाठ परत आखायचा, परत सहा मिनिटं शिकवायचं आणि परत सहा मिनिटं बोलणी खायची. मी आयटीत शंभर प्रेझेंटेशनं दिली होती, मला वाटलं मला काय कठीण आहे. पहिल्याच फलकलेखनाच्या पाठाला मॅडम म्हणाल्या, तुम्ही सहा मिनिटांत चार वेळा फळ्याकडे बघून बोललात, फळा काय परीक्षेला बसणार आहे का. आणि माझं अक्षर उताराला लागलेल्या गाडीसारखं डावीकडून उजवीकडे खाली खाली गेलेलं. महिनाभर घरी जुन्या पाटीवर रेघा ओढून सराव केला, मुलगा हसायचा.

मग पाठ टाचणं. प्रत्येक पाठाला उद्दिष्टं, त्यांची स्पष्टीकरणं, शैक्षणिक साहित्य, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फळा कसा दिसेल त्याचा चौकोन, सगळं हाताने. टाईप केलेलं चालत नाही, का ते विचारायचं नाही. रात्री दीड वाजेपर्यंत लिहिलीत आणि शिव्या घातल्यात. पण दुसऱ्या वर्षाला १६ आठवडे शाळेत पाठवतात ना, मला महापालिकेची शाळा मिळाली होती, सातवी ब, ५२ मुलं, तिथे पहिल्या दिवशी माझं टाचण अकराव्या मिनिटाला संपलं आणि तास होता ३५ मिनिटांचा. उरलेली २४ मिनिटं मी काय केलं ते मला आजपण सांगवत नाही. त्या सोळा आठवड्यांनी मला शिक्षिका केलं, डिग्रीने नाही. आणि डिग्री नसती तर त्या वर्गात मला कुणी पाय ठेवू दिला नसता हेही आहेच.

आणि शिकवणं हे कामाचा किती भाग आहे ते पण ऐका. चार वर्ग, एकेकात ४०, म्हणजे १६० वह्या, आठवड्यातून एकदा तपासायच्या, प्रत्येकीवर तारीख आणि सही. पालकांचा ग्रुप. "मॅम व्हाय हाफ मार्क कट" असा रात्री पावणेअकराला मेसेज. परीक्षा, स्नेहसंमेलन, बसड्युटी. रविवारी क्लब हाऊसमध्ये आठ मुलं स्वतःहून येतात, बुधवारी पाचव्या तासाला चाळीस मुलं पीटी करून घामेजून येतात, त्यातल्या तीसजणांना तुम्ही नको असता. मला आवडतं तरी. पण तुम्ही ते बघितल्याशिवाय फी भरू नका.

सुचवणी अशी की कंपनीत सब्बॅटिकल (लांब रजा) किंवा साठलेली सुट्टी असेल तर जवळच्या एखाद्या साध्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटून महिनाभर आठवड्यातून दोन दिवस तास मागा. बदली शिक्षक सगळ्यांनाच हवा असतो.

तासिका_तत्त्व:
वा बाई, सुंदर लिहिलंत. फळा परीक्षेला बसणार आहे का :)

वाचकमात्र:
मध्येच घुसतोय. आता एका वेळी दोन डिग्र्या चालतात ना, युजीसीने २०२२ मध्ये परवानगी दिली. मग बीएड रेग्युलर आणि एमएस्सी डिस्टन्सने एकदम करून टाकायची, दोन वर्षांत दोन्ही हातात.

पाठटाचण:
कागदावर चालतं. बीएडची टाचणं लिहून झाल्यावर रात्री दीडला टोपॉलॉजी वाचायला घेणार असाल तर माझा नमस्कार. त्यांची मुलगी पहिलीत आहे हो.

वाचकमात्र:
बरं. आणि ते नवीन धोरणात बीएड चार वर्षांचं होणार म्हणतात, मग आत्ता दोन वर्षांचं केलेलं बाद होईल का?

खडूफळा:
नाही होत. चार वर्षांचं बारावीनंतरच्या पोरांसाठी आहे, पदवीसकट. ज्यांची पदवी झालीय त्यांच्यासाठी वेगळी सोय राहणार, एक वर्षाच्या बीएडची पण चर्चा आहे, पण चर्चेवर आयुष्य नाही आखायचं. दोन वर्षांचं २०१५ पासून झालं तेव्हा पण लोक म्हणत होते थांबा परत एक वर्षाचं होईल. थांबलेले अजून थांबलेत.

पण नियम बदलतात हे खरं. माझंच बघा ना. मी लागलो तेव्हा टीईटी हा शब्द नव्हता. आता १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या जुन्या लोकांना पण, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त असतील तर दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलंय. मला आठवीचा तास आहे, वय ४६. आमच्या टीचर्स रूममध्ये सध्या मधल्या सुट्टीत डब्याशेजारी बालमानसशास्त्राचं गाईड उघडं असतं आणि पोरं खिडकीतून बघून हसतात, सरांची परीक्षा सरांची परीक्षा करून. मला ते आवडलंय खरं तर. माझ्याच नववीतल्या एकाने मला विचारलं सर नापास झालात तर काय होणार, मी म्हटलं तुझ्या शेजारी बसेन.

रविवारची_शाळा:
(दीड-दोन महिन्यांनी परत येतेय, धागा वर काढल्याबद्दल माफी.)

पाठटाचण ताईंचं ऐकलं. साठलेली २२ दिवसांची सुट्टी तुकड्या-तुकड्याने काढली आणि घराजवळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मंगळवार-शुक्रवार जायला लागले. मुख्याध्यापिका बाईंनी फक्त एकच विचारलं, आवाज मोठा आहे का. सहावी अ दिली.

पहिल्या दिवशी अपूर्णांक. मी घरून पोळी नेली होती कापायला, फार हुशारी वाटत होती मला स्वतःची. पोळीचे चार भाग केले, विचारलं एक भाग म्हणजे किती, मागून एकजण, "बाई एक घास". वर्ग फुटला. मग पोळी कुणी खायची यावर मारामारी, आणि तो पंधरा मिनिटांचा गोंधळ शेजारच्या वर्गावरच्या सरांनी येऊन फक्त दारात उभं राहून थांबवला. एक शब्द बोलले नाहीत ते. घरी येऊन रडले थोडं. तिसऱ्या आठवड्यात मी पोळी नेली नाही, जुनी मोजपट्टी नेली, आणि त्याच एक-घासवाल्याला फळ्याजवळ बोलावून मोजायला लावलं, तर तो म्हणे बाई दोन अष्टमांश आणि एक चतुर्थांश एकाच रेघेवर येतात, मग दोन नावं कशाला ठेवली. मी पुढचं सगळं सोडून त्यावरच तास घेतला.

तर ठरलंय असं. पवित्रच्या मागे लागणार नाही, ३८ पर्यंत टेट कधी येईल या भरवशावर नाही राहू शकत, आली तर देईन. बीएड करायचं, रेग्युलर, हजेरी घेणाऱ्या कॉलेजात. नवऱ्याने शीट केलंय, दोन वर्षं त्याच्या पगारावर हप्ता आणि माझ्या साठलेल्या पैशातून बाकीचं, गाडी विकायची. एमटेकचं नाव परत काढलं नाही त्याने, पॉलीवाले काकांची नॅकच्या फायलींची ओळ वाचून दाखवली होती मी. एमएस्सी मॅथ्स नोकरी लागल्यावर डिस्टन्सने, सावकाश, माझ्यासाठी. सीटीईटीचा अभ्यास सुरू केलाय, आई प्रश्न विचारते रोज जेवताना.

बीएडच्या सीईटीचा (प्रवेश परीक्षेचा) फॉर्म भरायला बसलेय आत्ता. त्यात इंग्लिश माध्यमासाठी ती ईएलसीटी (इंग्रजीची चाचणी) वेगळी विचारतायत. शिकवायचंय मराठी किंवा सेमीला, पण मग पुण्यातल्या सीबीएसईचा पर्याय राहावा म्हणून टिक करू का?

पाठटाचण:
करा टिक. इंग्लिश मिडियमच्या कॉलेजला त्याशिवाय घेत नाहीत, आणि सेमीला गणित इंग्रजीतच शिकवायचंय तुम्हाला. आणि अभिनंदन, एक चतुर्थांशवाल्या मुलाला सोडू नका.

खडूफळा:
छान. फॉर्म भरण्याआधी एक काम करा. दहावीचं, बीईचं मार्कशीट आणि आधार शेजारी शेजारी ठेवा आणि नाव बघा. लग्नानंतरचं आणि आधीचं वेगळं असेल तर नावबदलाचं गॅझेट किंवा लग्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, नंतर ॲडमिशनच्या आदल्या दिवशी पळापळ होते.

रविवारची_शाळा:
सर तीन कागद, तीन नावं. दहावीला वडिलांचं नाव मधे, बीईला मधलं नावच नाही, आधारवर सासरचं. उद्या सुट्टी टाकते.